थेंबातील किनारा : कोकणच्या सागरतीरावरील एकपेशीय जीवांची विविधता

समुद्रकिनारा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लाटा, वाळू, माडांची रांग, होड्या आणि मासळी उभी राहते. किनाऱ्यावरील जीवसृष्टीची यादी करावयास सांगितली, तर आपण मासे, खेकडे, कालवे, तिसऱ्या, बगळे आणि फार तर कांदळवनातील झाडे सांगून थांबतो. या यादीत काही खोटे नाही. मात्र ती अत्यंत अपुरी आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या या सर्व प्राण्यांचे पोट ज्यांच्यावर अवलंबून आहे, ज्यांच्या जाती त्यांच्याहून कितीतरी अधिक आहेत आणि ज्यांचा इतिहास त्यांच्याहून कोट्यवधी वर्षांनी जुना आहे, ते जीव त्या यादीत येतच नाहीत. ते आहेत पाण्यातील एकपेशीय जीव. या लेखात आम्ही त्यांची ओळख करून देणार आहोत. त्यासाठी आम्ही दूरच्या महासागराकडे न जाता आपल्या कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्याचीच निवड केली आहे. या स्मरणिकेच्या अनेक वाचकांनी हा किनारा पाहिला आहे, काहींचे तर ते घरच आहे.

एक पेशी, संपूर्ण जीव

मनुष्याच्या शरीरात अब्जावधी पेशी असतात आणि त्यांनी कामे वाटून घेतलेली असतात. स्नायूची पेशी आकुंचन पावते, मज्जापेशी संदेश वाहते, आतड्याची पेशी अन्न शोषते. एकपेशीय जीवाला ही सोय नाही. अन्न मिळवणे, ते पचवणे, हालचाल करणे, शत्रूपासून बचाव करणे आणि प्रजनन करणे ही सारी कामे एकाच पेशीला करावी लागतात. त्यामुळे एकपेशीय जीव म्हणजे साधा, प्राथमिक जीव असा जो समज रूढ आहे, तो बरोबर नाही. पेशी म्हणून पाहिले तर आपल्या शरीरातील कोणत्याही पेशीहून ती अधिक अष्टपैलू असते.

या जगाचे पहिले दर्शन घडवले ते हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या आंतोनी व्हान लेव्हेनहूक या कापड व्यापाऱ्याने. त्याने स्वतः घासलेल्या लहानशा भिंगातून 1674 साली जवळच्या तळ्यातील पाणी पाहिले आणि त्यात इकडेतिकडे धावणारे असंख्य जीव त्याला दिसले. लंडनच्या रॉयल सोसायटीतील विद्वानांचा त्याच्या पत्रांवर प्रथम विश्वास बसेना. 1677 साली रॉबर्ट हूक यांनी स्वतः निरीक्षण करून खात्री केली, तेव्हा कोठे ते मान्य झाले. औपचारिक शिक्षण बेताचे असलेल्या एका दुकानदाराच्या चिकाटीतून जीवशास्त्राची एक संपूर्ण शाखा उदयास आली, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी अवश्य लक्षात ठेवावी.

येथे आणखी एक खुलासा आवश्यक आहे. 'एकपेशीय जीव' हे एका कुळाचे नाव नव्हे. एकमेकांपासून अतिप्राचीन काळी विभक्त झालेल्या अनेक कुळांना आपण केवळ सोयीसाठी या एका नावाखाली आणतो. या लेखात आम्ही मुख्यतः पेशीत केंद्रक असलेल्या जीवांचा विचार करणार आहोत. जिवाणू हा स्वतंत्र विषय आहे. पण या मर्यादेतही नात्यांचे चमत्कार दिसतात. समुद्रात तरंगणाऱ्या एकपेशीय करंडक वनस्पतींचे जवळचे आप्त म्हणजे खडकावर वाढणारे तपकिरी, हातभर लांब सागरी शेवाळ. रात्री लाटेत चमकणाऱ्या काही जीवांचे आप्त म्हणजे डासांमार्फत पसरणारे हिवतापाचे परजीवी. बाह्य रूपावरून नाते ठरवू जावे, तर येथे हमखास फसगत होते.

उघडे पाणी : पावसाळ्यातील पेरणी

प्रथम किनाऱ्यालगतच्या उघड्या पाण्याकडे पाहू. येथे सर्वांत महत्त्वाचा मान करंडक वनस्पतींचा, म्हणजे डायाटमांचा. मराठीतील नाव अगदी समर्पक आहे. या पेशीभोवती काचेसारख्या सिलिकेचे कवच असते आणि ते कुंकवाच्या करंड्याप्रमाणे दोन भागांचे असते. एक भाग तळाचा, दुसरा त्यावर घट्ट बसणारे झाकण. कवचावर अत्यंत नियमित अशी छिद्रांची आणि रेषांची नक्षी असते, आणि प्रत्येक जातीची नक्षी निराळी. बहुतेक पेशींची लांबी काही मायक्रोमीटरपासून दोनशे मायक्रोमीटरपर्यंत असते. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आतापर्यंत बारा हजारांहून अधिक जातींचे वर्णन झाले आहे, आणि प्रत्यक्ष संख्या एक लाखाच्या घरात असावी असा काही तज्ज्ञांचा अंदाज आहे.

पेशीचे विभाजन होते तेव्हा करंड्याचे दोन भाग अलग होतात आणि प्रत्येक भागाला नवा, आत बसणारा लहान भाग तयार होतो. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या काही पेशींचा आकार लहान लहान होत जातो. तो एका मर्यादेखाली गेला की लैंगिक प्रजनन होते, जुने कवच टाकले जाते आणि पेशी पुन्हा मूळ आकार धारण करते. काचेच्या घरात राहण्याची ही किंमत आहे आणि तिच्यावर निसर्गाने काढलेला हा तोडगा आहे.

उघड्या पाण्यातील जातींपुढचा मुख्य प्रश्न बुडण्याचा असतो. सिलिका पाण्यापेक्षा जड. पेशी खोल गेली तर सूर्यप्रकाशाला मुकते. म्हणून कीटोसेरॉस या जातिगटातील पेशींना लांब काट्यांसारखी टोके असतात, तर स्केलेटोनेमाच्या पेशी एकमेकींना जोडून माळा तयार करतात. कोसिनोडिस्कसची पेशी गोल चकतीसारखी असते.

नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत खालचे थंड, पोषक क्षारांनी समृद्ध पाणी वर येते. शिवाय नद्या डोंगरातून माती आणि विरघळलेली सिलिका घेऊन उतरतात. या दुहेरी खतावर करंडक वनस्पतींची भरघोस वाढ होते. त्यांच्यावर सूक्ष्म प्राणी आणि तारलीसारखे मासे पोसले जातात. मलबार किनाऱ्यावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी 1955 साली असे दाखवून दिले की, फ्रॅजिलारिया ओशियानिका ही करंडक वनस्पती पाण्यात विपुल झाली की तारलीही विपुल येते. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या असल्या तरी समुद्र रिकामा बसलेला नसतो. नारळी पौर्णिमेनंतर जाळ्यात येणाऱ्या मासळीची पेरणी याच काळात, डोळ्यांना न दिसणाऱ्या शेतात चाललेली असते.

या शेताचा आवाका किती मोठा आहे? पृथ्वीवर प्रकाशसंश्लेषणातून जे सेंद्रिय द्रव्य दरवर्षी तयार होते, त्यातील जवळजवळ निम्मे समुद्रात तयार होते आणि त्यातील बहुतांश वाटा सूक्ष्म वनस्पतिप्लवकांचा असतो. एकट्या करंडक वनस्पतींचा वाटा जगाच्या एकूण उत्पादनात सुमारे एक पंचमांश मानला जातो. आश्चर्य असे की कोणत्याही क्षणी या प्लवकांचे एकूण वजन जमिनीवरील झाडाझुडपांच्या तुलनेत नगण्य असते. झाड वर्षानुवर्षे उभे राहते. प्लवकाची पेशी मात्र जन्मते, वाढते, विभागते आणि खाल्ली जाते ती काही दिवसांतच. येथे साठा अल्प आहे, पण उलाढाल प्रचंड आहे.

याच पाण्यात डायनोफ्लॅजेलेट हा दुसरा मोठा गट आढळतो. त्यांना चाबकासारख्या दोन कशाभिका असतात. एक पेशीच्या कमरेभोवतीच्या खोबणीत आडवी, दुसरी मागे लोंबणारी. दोन्हींच्या हालचालीने पेशी गिरक्या घेत पुढे जाते. यांतील सर्वांत प्रसिद्ध नॉक्टिल्युका. ही गोल, पारदर्शक पेशी एक मिलिमीटरपर्यंतही वाढते. म्हणजे नुसत्या डोळ्यांनी ठिपक्यासारखी दिसू शकते. लाटेचा, वल्ह्याचा किंवा पावलाचा धक्का लागताच तिच्यातील रासायनिक क्रियेने क्षणभर निळसर प्रकाश उमटतो. कोकणच्या काही किनाऱ्यांवर रात्री लाटांच्या कडा निळ्या उजळलेल्या दिसतात, त्या याच जिवांमुळे. तो चमत्कार नव्हे, रोग नव्हे किंवा रासायनिक कारखान्याची गळतीही नव्हे.

तथापि नॉक्टिल्युकाचे अतिरेकी वाढणे हे शुभचिन्हही नव्हे. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्याच्या अखेरीस पूर्वी करंडक वनस्पतींचे राज्य असे. गेल्या दोन-अडीच दशकांत तेथे हिरव्या नॉक्टिल्युकाचे विस्तीर्ण थर दिसू लागले आहेत. या प्रकारच्या पेशीच्या पोटात हजारो हिरव्या सूक्ष्म शैवालपेशी राहतात आणि तिला अन्न पुरवतात. शिवाय ती स्वतः करंडक वनस्पती गिळते. म्हणजे एकाच वेळी शेती आणि शिकार! तिला खाणारे मासे मात्र फार थोडे. अन्नसाखळीचा पाया बदलला की वरच्या मजल्यांवरही परिणाम होतो, याचे हे ठळक उदाहरण आहे.

चिखलपट्टा : ओहोटीबरोबर वर, भरतीबरोबर खाली

खाडीकाठचा उघडा चिखल पाहून बहुतेकजण नाक मुरडतात. पण ओहोटीच्या वेळी, ऊन असताना, त्या चिखलाकडे नीट पाहावे. काही वेळाने त्याच्या राखाडी पृष्ठावर सोनेरी-तपकिरी झाक येते. ही झाक म्हणजे वर चढून आलेल्या कोट्यवधी करंडक वनस्पती होत. चिखलात प्रकाश दोन-तीन मिलिमीटरपलीकडे पोहोचत नाही, म्हणून त्या पृष्ठावर येऊन ऊन घेतात आणि भरतीचे पाणी येण्याआधी पुन्हा खाली उतरतात. प्रयोगशाळेत भरती-ओहोटीविना ठेवलेल्या चिखलातही हा क्रम काही दिवस चालू राहतो. डोळे नाहीत, मेंदू नाही. तरी पेशीच्या आत समुद्राचे वेळापत्रक जपलेले असते.

येथील नॅव्हिक्युला, प्ल्युरोसिग्मा, निट्झिया यांसारख्या जाती तरंगणाऱ्या नसून सरपटणाऱ्या आहेत. कवचावरील लांबट फटीतून त्या चिकट द्रव्य सोडतात आणि त्याच्या आधाराने पुढे सरकतात. हे द्रव्य चिखलाच्या कणांना एकमेकांशी बांधून ठेवते. त्यामुळे लाटांच्या माऱ्यापुढे चिखलपट्टा सहज वाहून जात नाही. किनारा राखण्यासाठी आपण दगडांचे बांध घालतो; हे अदृश्य गवंडी मात्र कोणताही गाजावाजा न करता तेच काम अखंड करीत असतात.

ठाण्याच्या खाडीत दरवर्षी येणाऱ्या रोहित पक्ष्यांचे थवे पाहण्यासाठी लोक आवर्जून जातात. यांतील लहान रोहित पक्षी आपली चोच पाण्यात उलटी धरून मुख्यतः सूक्ष्म शैवाल आणि करंडक वनस्पती गाळून खातो, आणि त्याच्या पिसांचा गुलाबी रंगही मुळात या सूक्ष्म अन्नातील रंगद्रव्यांतूनच आलेला असतो. ही खाडी 2015 साली रोहित अभयारण्य म्हणून घोषित झाली आणि 2022 साली तिला रामसर पाणथळ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. पक्षी दिसतात म्हणून खाडी वाचली, हे चांगलेच झाले. पण पक्षी येतात ते चिखलातील न दिसणाऱ्या पेशींसाठी, हेही ध्यानात असावे.

वाळू आणि खडक

पुळणीवरील वाळू वरवर निर्जीव भासते. प्रत्यक्षात दोन कणांमधील पाण्याने भरलेली फट हे एक स्वतंत्र निवासस्थान आहे. येथे राहावयाचे तर अंग सडपातळ हवे, आणि लाट आली तर कणाला धरून राहता यावयास हवे. म्हणून येथील पक्ष्माभिकाधारी जीव, म्हणजे अंगभर बारीक केसांसारख्या पक्ष्माभिका असलेले जीव, फितीसारखे लांबट आणि चपटे असतात. वाळूच्या काही सेंटिमीटर खाली काळसर थर लागतो. तेथे प्राणवायू नसतो आणि कुजल्यासारखा वास येतो. तेथेही जीव आहेत. जगभरच्या वालुकामय किनाऱ्यांत आढळणाऱ्या केंट्रोफोरॉस या जीवाला तोंडच नसते. तो आपल्या पाठीवर गंधकावर जगणाऱ्या जिवाणूंची बाग वाढवतो आणि त्यातील जिवाणू पचवून आपला निर्वाह करतो.

खडकाळ किनाऱ्यावर परिस्थिती अगदी उलट. येथे धरून राहावयास पक्का आधार आहे, पण ओहोटीत कडक ऊन, पावसाळ्यात गोडे पाणी आणि सतत लाटांचा मारा आहे. खडकावर पाय ठेवताच घसरतो, तो पुष्कळदा करंडक वनस्पती आणि इतर सूक्ष्म शैवालांच्या बुळबुळीत थरामुळे. खडकाला चिकटून राहणारे शंखधारी प्राणी हाच थर खरवडून खातात.

सिंधुदुर्गाच्या परिसरात खडकांबरोबर प्रवाळही आढळतात; मालवणचे सागरी अभयारण्य 1987 साली घोषित झाले आहे. प्रवाळ हा प्राणी असला तरी त्याच्या ऊतींमध्ये एकपेशीय डायनोफ्लॅजेलेट राहतात. ते प्रकाशसंश्लेषणाने तयार केलेले अन्न प्रवाळाला देतात आणि त्या बदल्यात निवारा व पोषक द्रव्ये घेतात. पाण्याचे तापमान नेहमीच्या कमाल पातळीहून एखाद-दोन अंशांनी वाढले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर हे सहजीवन मोडते. पेशी बाहेर पडतात, प्रवाळ पांढरा पडतो आणि उष्णता ओसरली नाही तर उपासमारीने मरतो. समुद्रतळावरील एवढे मोठे बांधकाम अखेर एका पेशीच्या साथीवर उभे असते.

नदीमुख, कांदळवन आणि मिठागर

नदी समुद्राला मिळते तेथे पाण्याचा खारटपणा सतत बदलतो. उघड्या समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. गोव्यातील मांडवी आणि जुवारी या नद्यांच्या मुखांत उन्हाळ्यात पाणी जवळजवळ समुद्राइतके खारट होते, तर भर पावसाळ्यात आतील भागात ते गोडे असते. याच एका जागी वर्षाच्या निरनिराळ्या काळात निरनिराळे एकपेशीय जीव नांदतात. पावसाळ्यात गोड्या पाण्यातील जाती वाहून येतात आणि बदल सोसणाऱ्या स्केलेटोनेमासारख्या जाती वाढतात. पाणी स्थिरावल्यावर समुद्राकडील जाती आत शिरतात. त्यामुळे एका दिवशी एका जागी घेतलेल्या नमुन्यावरून खाडीची परीक्षा करता येत नाही. शितावरून भाताची परीक्षा होते. येथे मात्र ऋतूगणिक भात बदलतो.

कांदळवनातील पाने चिखलात पडतात तेव्हा त्यांच्यावर जिवाणू आणि बुरशी यांच्याबरोबर थ्राउस्टोकायट्रिड नावाचे एकपेशीय जीवही वस्ती करतात. ते बुरशीसारखे दिसले तरी बुरशी नव्हेत. त्यांचे नाते करंडक वनस्पतींच्या मोठ्या कुळाशी आहे. गोव्यातील दोनापावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. 1966 साली स्थापन झालेल्या या संस्थेतील शास्त्रज्ञांनी त्यांचा विशेष अभ्यास केला आहे. कुजणाऱ्या पानाला ते पोषक बनवतात. ते पान मग खेकडे आणि कोळंबीची पिल्ले खातात. या जीवांमध्ये ओमेगा-3 प्रकारची मेदाम्ले मुबलक असतात. माशांच्या तेलातील ज्या गुणांची आपण एवढी वाखाणणी करतो, ते द्रव्य माशाने पुष्कळदा अशा सूक्ष्म जीवांकडूनच मिळवलेले असते. आता तर या गटातील काही जाती कारखान्यातील टाक्यांत वाढवून ते थेट काढले जाते.

मिठागरात निवडीची कसोटी सर्वांत कठोर होते. सूर्याच्या उष्णतेने पाणी आटत जाते, तसतसा खारटपणा समुद्राच्या सात-आठ पटींपर्यंत आणि त्याहूनही पुढे जातो. पेशीतील पाणी बाहेर खेचले जाऊन ती सुकून जावी अशी ही स्थिती. ड्युनालिएला सलायना ही हिरव्या शैवालांच्या गटातील एकपेशीय जात येथे टिकते, कारण ती पेशीच्या आत ग्लिसरॉल साठवून बाहेरील दाबाचा तोल सांभाळते. तीव्र उन्हापासून रक्षणासाठी ती बीटा-कॅरोटीन हे नारिंगी रंगद्रव्य साठवते. मिठागरातील काही वाफ्यांना येणारी तांबूस छटा ही या पेशींची आणि मिठात वाढणाऱ्या काही सूक्ष्मजंतूंची असते. येथे जाती थोड्या, पण त्यांची सोशिकता असाधारण.

या साऱ्यावरून किनाऱ्यावरील विविधतेचे रहस्य उलगडते. खारटपणा, प्रकाश, कणांचा आकार, प्राणवायू आणि भरती-ओहोटी यांत थोडा फरक पडला की सूक्ष्म जीवासाठी तो निराळा देश होतो. आपल्याला दहा पावलांत पार करता येणाऱ्या पट्ट्यात खडक, वाळू, चिखल आणि कांदळवन असे चार देश असू शकतात. म्हणून उघड्या समुद्राच्या तुलनेत किनारा इतका समृद्ध आहे, आणि म्हणूनच त्यातील एक पट्टा भराव घालून बुजवला तर केवळ जमीन बदलत नाही, त्या देशाची सारी प्रजाच नाहीशी होते.

मृत कवचांची साक्ष

हे जीव मेल्यानंतरही उपयोगी पडतात. फोरॅमिनीफेरा या गटातील पेशी चुन्याचे, अनेक कप्प्यांचे कवच बांधतात. काही जाती वाळूचे कण चिकटवून घर करतात. बहुतेक कवचे एक मिलिमीटरहून लहान असतात. कोणत्या जाती कोणत्या खोलीत, किती खाऱ्या पाण्यात राहतात हे ठाऊक असल्याने गाळातील कवचांवरून जुने हवामान आणि जुनी किनारपट्टी ओळखता येते. गुजरातमधील लोथल येथे विटांनी बांधलेला हडप्पाकालीन विशाल हौद सापडला, तेव्हा ती गोदी की सिंचनाचा तलाव असा वाद झाला. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील राजीव निगम यांनी तेथील गाळात फोरॅमिनीफेरांची कवचे शोधली आणि हौदाचा समुद्राशी संबंध होता या मताला बळ मिळाले. चार हजार वर्षांपूर्वीच्या प्रश्नावर साक्ष दिली ती वाळूच्या कणाएवढ्या कवचाने.

इजिप्तमधील गिझाच्या पिरॅमिडांच्या चुनखडकातही न्यूम्युलाइट नावाच्या मोठ्या फोरॅमिनीफेरांचे जीवाश्म आहेत. ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो याने तेथील मसूर डाळीसारखे तुकडे पाहून नोंदवले की, हे कामगारांच्या उरलेल्या अन्नाचे दगड झाले आहेत असे लोक सांगतात. करंडक वनस्पतींच्या कवचांची माती गाळण्यांसाठी वापरली जाते. आल्फ्रेड नोबेल यांनी अशाच मातीत नायट्रोग्लिसरिन जिरवून 1867 साली डायनामाइटचे पेटंट घेतले. पाण्यात बुडून मृत्यू झाला की मृतदेह नंतर पाण्यात टाकला गेला, हे ठरवताना न्यायवैद्यक प्रयोगशाळा अस्थिमज्जेत करंडक वनस्पती शोधतात. एकट्या या चाचणीवर निर्णय दिला जात नसला तरी ती महत्त्वाचा दुवा ठरते.

सावधगिरीची बाजू

सर्वच एकपेशीय जीव निरुपद्रवी नाहीत. काही डायनोफ्लॅजेलेट तीव्र विषे तयार करतात. तिसऱ्या, मुळे, कालवे हे प्राणी पाणी गाळून अन्न घेतात, त्यामुळे ते विष त्यांच्या शरीरात साठते. त्यांना स्वतःला फारसा अपाय होत नाही, पण खाणाऱ्याला होतो. 1983 साली मंगळूरच्या परिसरात शिंपल्यांतून अशी विषबाधा झाल्याची नोंद आहे. ओठ आणि बोटे बधिर होणे, मुंग्या येणे, बोलताना अडखळणे आणि श्वास घेण्यास त्रास होणे ही तिची लक्षणे होत. हे विष शिजवल्याने नष्ट होत नाही. म्हणून पाण्याचा रंग अचानक बदललेला असताना त्या जागेच्या तिसऱ्या-कालवे खाऊ नयेत, आणि अशी लक्षणे दिसल्यास विलंब न लावता रुग्णालय गाठावे. पाणी स्वच्छ दिसत असले तरी धोका संपूर्ण टळतो असे नाही, हेही सांगितले पाहिजे.

शहरांचे न शुद्ध केलेले सांडपाणी खाडीत सोडले की नत्र आणि स्फुरद यांचे प्रमाण वाढते. मग थोड्या जाती बेसुमार वाढतात, बाकीच्या मागे पडतात. वाढलेल्या पेशी मरून कुजताना पाण्यातील प्राणवायू संपवतात आणि मासे गुदमरतात. जहाजे तोल राखण्यासाठी एका बंदरात भरलेले पाणी दुसऱ्या बंदरात सोडतात. त्यातून परक्या जातींचे सुप्त कोश जगभर प्रवास करतात. याला आळा घालणारा आंतरराष्ट्रीय करार 2004 साली झाला आणि 2017 पासून तो अमलात आला.

मोजणी अजून संपलेली नाही

सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कवच पाहून जात ओळखणे हे कष्टाचे काम आहे, आणि ज्यांना कवच नाही अशा पेशी तर नमुना टिकवतानाच फुटून जातात. म्हणून अलीकडे पाण्यातील डीएनए गोळा करून त्यातील एका ठरावीक जनुकाचा भाग वाचला जातो. टारा या जहाजावरून 2009 ते 2013 या काळात जगभरच्या समुद्रांतून असे नमुने घेण्यात आले. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार उजेड पोहोचणाऱ्या थरात केंद्रकयुक्त जीवांचे सुमारे दीड लाख जनुकीय प्रकार आढळले, आणि त्यांतील सुमारे एक तृतीयांश प्रकार कोणत्याही ज्ञात गटात बसवता आले नाहीत. नवी पद्धत जुनीला निरुपयोगी ठरवत नाही, हेही खरे. जनुकाचा तुकडा 'कोणीतरी आहे' एवढे सांगतो; ते कसे दिसते, काय खाते, कसे जगते हे सांगण्यासाठी डोळा आणि सूक्ष्मदर्शक लागतोच.

आमच्या मते खरा प्रश्न येथेच आहे. ज्या चिखलपट्ट्यांना, खाजणांना आणि मिठागरांना आपल्या कागदपत्रांत आणि बोलण्यात सहज 'पडीक' म्हटले जाते, तेथील बहुतेक रहिवाशांना अजून नावही मिळालेले नाही. वाघ नाहीसा झाला तर त्याची बातमी होते. नाव नसलेला जीव नाहीसा झाला, तर तो होता हेसुद्धा कोणाला कळत नाही. पण त्याचा परिणाम कळतो, तो उशिरा आणि दुसऱ्याच रूपात : कमी झालेल्या मासळीच्या, ढासळणाऱ्या काठाच्या किंवा नासलेल्या पाण्याच्या रूपाने. त्याची झळ प्रथम बसते ती रापण ओढणाऱ्याला, खाडीत शिंपल्या वेचणाऱ्या बाईला आणि टोपलीत मासळी घेऊन बाजारात बसणाऱ्या कुटुंबाला.

या क्षेत्रात मोठ्या प्रयोगशाळेविनाही पाऊल टाकता येते. मेरठमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ मनू प्रकाश यांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात कागदाच्या घडीचा 'फोल्डस्कोप' हा सूक्ष्मदर्शक तयार केला. तो खिशात मावतो आणि वस्तू सुमारे 140 पट मोठी दाखवतो. ओहोटीच्या चिखलावरील तपकिरी थराचा एक ठिपका त्याखाली ठेवला, तर सरकणारे काचेचे करंडे कोणालाही पाहता येतील. विद्यार्थ्यांनी एकाच जागेचा नमुना दर महिन्याला पाहिला, चित्र काढले, तारीख, भरतीची वेळ आणि पाण्याचा रंग नोंदवला, तर वर्षाअखेर त्यांच्या हाती जी वही असेल ती पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. अशा कामात माजी विद्यार्थ्यांनी एखादे उपकरण द्यावे आणि पालकांनी मुलांचे चिखलाने भरलेले पाय कौतुकाने धुवावेत, एवढीच आमची अपेक्षा आहे. गावातील खाडीवर भराव पडू लागला, तर तेथे काय राहते हे सांगणारी एक तरी वही त्या गावात असली पाहिजे.